उताणा की पालथा

फास शहर, ८ डिसेंबर २०२४

मामा, सलाम.

तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लिहिते आहे. काय घडलं ते आधी क्रमाने मांडते.

१. कंगवेवाल्यांच्या गल्लीतल्या पाणपोईच्या भिंतीचा उजवा अर्धा भाग शाबूत होता. डावा अर्धा तीन वर्षांपूर्वी ओल धरून पडला होता.

२. शाबूत भागाचं मोजमाप मी केलं. त्यावरून डाव्या भागाचा नकाशा मी काढला.

३. नकाशाचा छापील कागद मी २३ सप्टेंबरला तुमच्या हातात दिला.

४. अल्लालभाईंनी रंगीत झेलीज फरश्यांचे तुकडे कापले. तुम्ही ते कारखान्याच्या जमिनीवर पालथे मांडलेत. एकूण चार हजार एकशे बारा तुकडे, सहा तक्ते.

५. ९ नोव्हेंबरला तक्त्यांच्या पाठीवर गिलावा ओतला. १४ तारखेला गवंड्यांनी तक्ते भिंतीवर चढवले. तेव्हा तुम्ही नजातच्या मुलीच्या बारशाला तिच्या गावी, उज्दाला, होतात.

६. २१ नोव्हेंबरला दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या समितीची तपासणी झाली. जुन्या भागावरच्या फळ्या काढल्या, नवा भाग धुतला. जुन्या नक्षीतला रहाट, म्हणजे चांदणीभोवतीचं पट्ट्यांचं चक्र, उजवीकडे फिरतो, नव्यातला डावीकडे फिरत होता. सांध्यावर एकही पट्टी जुळत नव्हती.

७. समितीने नकाशा मागितला. मी संगणकावरचा दाखवला. तो बरोबर होता.

८. समितीने छापील कागद मागितला. तो सापडला नाही.

९. अहवालात ‘मांडणी करताना कारागिराकडून उलटापालट’ असं लिहिलं गेलं.

१०. २२ नोव्हेंबरला तुम्ही तुमची हातोडी अल्लालभाईंच्या ओट्यावर ठेवलीत आणि उज्दाची गाडी पकडलीत.

यात काही चुकलं असेल तर कळवा.

हे पत्र तुमची लेक नजात वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. तिचा जन्म झेलीजवाल्याच्या घरातला, पण ती कारखान्यात फारशी आली नाही, म्हणून तिच्यासाठी एक खुलासा. नजात, आपल्याकडे रंगीत तुकडे जमिनीवर तोंड खाली करून मांडतात. मांडणाऱ्याला वरून फक्त मातीची पाठ दिसते, रंग दिसत नाही. मग पाठीवर गिलावा ओततात, सुकला की तक्ता उचलून भिंतीवर बसवतात. म्हणजे मांडताना जे उजवीकडे असतं ते भिंतीवर डावीकडे जातं. कागदावर भिंत जशी दिसणार तशीच काढलेली असेल, तर त्याला उताणा कागद म्हणतात. तो मांडणाऱ्याला डोक्यात उलटवून घ्यावा लागतो. कागद आधीच उलटवून छापलेला असेल, तर तो पालथा. त्यावरून जसंच्या तसं मांडायचं. मामा पन्नास वर्षं उताण्या कागदावरून मांडत आले आहेत.

आई दर शुक्रवारी तुमची विचारपूस करते. कुसकुसचं सामाईक ताट मांडलं की म्हणते, “तुझ्या मामाची बाजू मोकळी ठेव.” आम्ही ठेवतो.

अल्लालभाई माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. काल मी कारखान्यात गेले तर म्हणाले, “या संगणकबाई, या. आज काय हरवलंय?” बाकीचे हसले. तुमची हातोडी त्यांनी फडक्यात बांधून ठेवली आहे, कुणाला वापरू देत नाहीत.

आठव्या मुद्द्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

वियाम लमरीनी


फास, १२ जानेवारी २०२५

मामा, सलाम.

काल नजातचा फोन आला. तिने तुम्हाला न सांगता केला होता, तेव्हा तिच्यावर रागावू नका.

तिने सांगितलं, की तुम्ही मशिदीत नमाज पढवायला नाही म्हणता. तिच्या चुलत सासऱ्यांनी आग्रह केला तर म्हणालात, “माझ्या मागे उभे राहाल आणि मी मोजणं चुकून तिसऱ्या रकातीला बसून जाईन. नको.” घरात एकटे नमाज पढताना बोटं धरून मोजता. एक गोष्ट सांगितली की थोड्या वेळाने विचारता, “हे मी तुला सांगितलं का गं? की नुसतं मनात आलं?” आणि परवा तुम्ही स्वतःच म्हणालात, की मला डॉक्टरकडे ने, माझं डोकं कामातून चाललंय.

डॉक्टरांनी तुम्हाला घड्याळ काढायला सांगितलं. गोल काढा, आकडे घाला, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. तुम्ही काढलंत. बाराच्या डाव्या हाताला एक, मग दोन, मग तीन, सगळं घड्याळ उलट्या दिशेने. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी खूण केली आणि नजातला बाहेर बोलावलं. रडताना ती सांगत होती, “वियाम, लहान पोरालाही घड्याळ कळतं गं. बाबांना कळलं नाही. त्यांनी स्वतः ते बघितलं आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, बघ, मी सांगत होतो ना?”

मी तिला त्या घड्याळाचा फोटो पाठवायला सांगितला. तो संगणकावर घेतला, उलटवला आणि त्यावर मापाचं घड्याळ ठेवलं. बारापैकी नऊ आकडे नेमके जागेवर. उरलेले तीन, दोन अंशांच्या आत. दोन्ही काटे बरोबर. हाताने, कंपासशिवाय, दवाखान्यातल्या बॉलपेनने.

मामा, तुम्ही घड्याळ चुकवलं नाहीत. तुम्ही ते पालथं मांडलंत.

डोकं कामातून गेलेल्या माणसाचे आकडे एका बाजूला गोळा होतात, काही सुटतात, काही दोनदा येतात. मी हे वाचून खात्री करून घेतली. इतकं काटेकोर उलटं घड्याळ काढायला शाबूत डोकं लागतं, आणि पन्नास वर्षांची सवय. नजात, हा परिच्छेद डॉक्टरांना दाखव. त्यांना सांग, घड्याळ आरशात धरून बघा.

आता दुसरी गोष्ट. नजात, हे वाचताना काही गाळू नकोस. मला वाईट दिसू नये म्हणून तर मुळीच गाळू नकोस.

पहिल्या पत्रातला आठवा मुद्दा खोटा आहे. कागद हरवलेला नाही. तो माझ्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर, हिवाळ्याच्या पांघरुणांखाली आहे. तो कागद पालथा आहे.

असं झालं. मी नकाशा दोनदा छापला होता, एक उताणा आणि एक पालथा. पालथा छापू नको असं तुम्ही मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. “उलटवायला माझं डोकं आहे. कागदाला ते काम शिकवू नकोस, मग माणसं विसरतील.” तरी मी छापला, कारण मला वाटलं होतं की एकदा तुम्ही त्यावरून मांडून पाहिलंत की तुम्हालाच सोपं वाटेल. दोन्ही कागद एकाच नळकांड्यात होते. दोन्हींवर मी ‘उताणा’, ‘पालथा’ असं काही लिहिलं नव्हतं. तुम्हाला दिला तो कुठला, हे मी पाहिलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, “उताणा की पालथा?” मी ‘उताणा’ म्हणाले.

म्हणून तुम्ही तो डोक्यात उलटवलात. तुम्ही तुमचं काम चोख केलंत. कागद आधीच उलटा होता, त्यामुळे भिंत उलटी झाली.

हे मी २१ नोव्हेंबरला बोलायला हवं होतं. बोलले नाही.

वियाम


फास, १९ जानेवारी २०२५

मामा,

मागचं पत्र पोचलं असं नजात म्हणाली. तुम्ही ते दोनदा वाचायला लावलंत आणि मग गच्चीवर जाऊन बसलात, असंही म्हणाली. तुम्ही काय बोललात ते मी विचारलं नाही.

मागच्या पत्रात मी ‘बोलले नाही’ असं लिहिलं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. त्या वाक्याने असं वाटतं की मी घाबरून गप्प राहिले. तसं नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या आहेत.

पहिली २३ सप्टेंबरची.

तुम्ही मला एकदा विचारलं नव्हतंत, तीनदा विचारलं होतंत. पहिल्यांदा कागद भिंतीला टाचल्यावर. मी ‘उताणा’ म्हणाले. मग तुम्ही चहा घेतलात, पेल्यातली पुदिन्याची काडी चघळत कागदापुढे उभे राहिलात आणि दुसऱ्यांदा विचारलंत. ठेकेदाराची माणसं तेव्हा आत आली होती. तुम्ही त्यांच्यासमोर म्हणालात, “इंजिनियरबाई, तुझा कागद पोटावर झोपलाय की पाठीवर? नीट बघून सांग.” ते हसले. अल्लालभाई म्हणाले, “पाठीवरच असेल. शिकलेल्यांचे कागद पाय वर करून झोपतात.” ते अजून हसले.

मी न बघता सांगितलं, “पाठीवर. उताणा.”

मग तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “अगं, पण मला जुना रहाट उजवीकडे फिरताना आठवतो. लहानपणी त्या पाणपोईवर मी रोज घागर भरायचो. हा तर डावीकडे फिरतोय. मग हा पालथा असणार.”

जुना भाग तेव्हा फळ्यांनी झाकलेला होता. एक फळी काढून बघायला पाच मिनिटं लागली असती. संगणक माझ्या पिशवीत होता, तो उघडायला एक मिनिट. मी दोन्ही केलं नाही. तुम्हाला काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, “मामा, तुमच्या आठवणीपेक्षा माझं मोजमाप बरं. तुम्हाला उलटं आठवत असेल. वय झालं की होतं.”

ठेकेदाराचा एक माणूस म्हणाला, “वा!”

तुम्ही कागदाकडे बघत राहिलात. मग म्हणालात, “बरं. तू मोजलंयस.” आणि मांडायला बसलात. जवळजवळ सात आठवडे तुम्ही तुमच्या आठवणीविरुद्ध मांडत होतात, माझ्या शब्दावर.

दुसरी गोष्ट २० नोव्हेंबरची, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशीची.

तक्ते चढवताना गिलाव्याचं पाणी तोंडावर उतरून पांढरा थर धरला होता. सांध्यावरची वीतभर जागा शेवटी भरायची म्हणून मोकळी होती आणि त्यापलीकडे फळ्या होत्या. म्हणून गवंड्यांना काही कळलं नाही. बुधवारी दुपारी गवंडी जेवायला गेले होते. मी ओलं फडकं घेऊन हाताएवढी जागा पुसली. सोळा टोकांची चांदणी निघाली, भोवती हिरवी पट्टी, आणि ती डावीकडे वळत होती. मी एक फळी सरकवून जुना भाग पाहिला. मग फळी जागेवर ठेवली. पुसलेल्या जागेवर चुन्याचं पाणी परत फासलं.

मला तेव्हाच सगळं कळलं. माझ्याकडे जवळजवळ एक दिवस होता. तो मी असा वापरला: कारखान्यात गेले, खिळ्यावरून कागद काढला, घडी घालून पिशवीत टाकला. अल्लालभाई कोपऱ्यात हातोडीला धार लावत होते. म्हणाले, “काय गं, नेतेस कुठे?” मी म्हणाले, “छापखान्यात. एक प्रत करायची आहे.” संध्याकाळी तुम्ही उज्दाहून परतलात. स्टेशनवर मी तुमची पिशवी घेतली. नजातच्या मुलीचे फोटो पाहिले. नाक तुमच्यासारखं आहे असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भिंतीसमोर समितीचे साहेब म्हणाले, “मअल्लम तुहामी, उस्ताद, तुमचा रहाट उलटा फिरतोय.” तुम्ही सांध्यावर तळहात ठेवलात, जुन्यावरून नव्यावर फिरवलात. म्हणालात, “हो, उलटा फिरतोय.” मग साहेबांनी माझ्या पडद्यावरचा नकाशा पाहिला आणि तुम्हाला दाखवला. त्यात रहाट उजवीकडे फिरत होता. तुम्ही खूप वेळ बघत होतात. मग मला विचारलंत. साहेबांना नाही, मला.

“वियाम, कागदावर डावीकडे होता ना गं? मला डावीकडे दिसला होता.”

साहेब म्हणाले, “कागद आणि हे एकच ना?”

मी साहेबांना म्हणाले, “हा मूळ नकाशा आहे.” त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. वाक्य तसं निवडायला मला क्षणभरही लागला नाही. तुम्हाला मी उत्तर दिलं नाही.

तुम्ही म्हणालात, “आठवतं ते खोटं, दिसतं ते खोटं. मग हातोडी ठेवलेली बरी.” सगळ्यांना वाटलं तुम्ही चेष्टा करताय. मला तसं वाटलं नाही.

कागद बदलला एवढंच झालं असतं तर ती नुसती चूक ठरली असती. चुका होतात. पण मी केलं ते नुसती चूक राहिलेलं नाही. तुमच्या चांगल्या आठवणीला मी दोनदा खोटं ठरवलं, एकदा घमेंडीत आणि एकदा शांत डोक्याने. त्या आठवणीवर तुमचं सगळं काम उभं आहे. डॉक्टरकडे तुम्ही गेला नाहीत, मी तुम्हाला पाठवलं.

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला फुटक्या तुकड्यांचा ढीग देऊन बसवलं होतंत. मी सगळे रंगाप्रमाणे लावले. तुम्ही ते उलटे केलेत आणि म्हणालात, “आता लाव. तोंड बघून कुणीही ओळखेल. तू पाठ ओळखायला शीक.” मी महिनाभर रडत रडत शिकले. पुढे रबातला मोजमापाच्या परीक्षेत पहिली आले तेव्हा तुम्ही कारखान्यात खजूर वाटलेत. हे मी तुम्हाला मऊ करण्यासाठी लिहीत नाही. मला उताणं-पालथं कळत नव्हतं असं कुणी माझ्या बाजूने म्हणायला नको, म्हणून लिहिते.

पत्रासोबत तो कागद पाठवते आहे. मूळ कागद. खिळ्याचं भोक वर आहे, खाली उजव्या कोपऱ्यात तुमच्या चहाच्या पेल्याचा डाग आहे. भिंतीला लावून बघा, रहाट डावीकडे फिरतो. तुम्हाला दिसलं होतं तसाच.

तो कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा.

वियाम


फास, ५ फेब्रुवारी २०२५

मामा, सलाम.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मागे घेते. कागद तुमच्याकडे पाठवून ‘तुम्ही ठरवा’ म्हणणं ही पळवाट होती. भाचीची नोकरी घालवायची की आपलं नाव घालवायचं, हे मी तुमच्यावर ढकललं. पत्र टपालपेटीत टाकल्यावर तिसऱ्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं.

२७ जानेवारीला मी समितीकडे गेले. लेखी जबाब दिला. पहिल्या पत्रातले दहा मुद्दे नव्याने लिहिले. या वेळी ते चौदा झाले. कागदाचा फोटो जोडला. मूळ कागद मअल्लम तुहामींकडे आहे आणि तो त्यांच्याकडेच राहावा, असंही लिहिलं.

साहेबांनी सगळं वाचलं. विचारलं, “हे कुणी लिहायला लावलं?” मी म्हणाले, कुणी नाही. ते म्हणाले, “मग दोन महिने का लागले?” तो प्रश्न त्यांनी उत्तराची जागा रिकामी ठेवून नोंदवून घेतला.

अहवाल बदलला आहे. नव्याची प्रत सोबत आहे. त्यात तुमच्या नावापुढचं वाक्य काढलं आहे आणि माझ्या नावापुढे एक वाक्य आलं आहे. पाणपोईच्या कामावरून मला काढलं आहे. पुढच्या कामांचं ते उन्हाळ्यात ठरवतील. मी तक्रार केलेली नाही.

मग कारखान्यात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सात माणसं होती. अल्लालभाई हातातला तुकडा कापून पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “छापखान्यात नेतेस म्हणालीस. मी विचार करतोय, कुठला छापखाना एवढा वेळ घेतो?” कुणी हसलं नाही. दुसरा तुकडा उचलत तेच म्हणाले, “चहा घेणार का? की तोही घरी नेणार?” मी बसले आणि चहा घेतला. त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती, पण पेला भरताना ते वळले.

आईला घरी सांगितलं. त्या शुक्रवारी तिने ताटाची तुमची बाजू मोकळी ठेवली आणि माझीही. मी स्वयंपाकघरात जेवले.

नजातने दोन गोष्टी कळवल्या. एक, डॉक्टरांनी ते घड्याळ आरशात धरलं, बराच वेळ बघितलं आणि मग तुम्हाला विचारलं, “उस्ताद, माझ्या घरचं न्हाणीघर करून द्याल का?” बाकीच्या चाचण्या परत घेतल्या आणि तुमच्या वयाला साजेशा निघाल्या. तुम्ही आता नमाज पढवता की नाही, हे तिने सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट अशी, की तुम्ही तो कागद भिंतीला लावला, बघितला, आणि एवढंच म्हणालात, “तिला विचार, नकाशाला घडी कुणी घातली? नकाशा गुंडाळतात. घडी घातली की रेषा मोडते. एवढंही शिकवलं नव्हतं का मी?”

शिकवलं होतंत. घडी मी घातली. पिशवीत मावावा म्हणून आठ पदरी.

हे बोलणं मी किती वेळा मनात फिरवलं ते सांगत नाही. त्याचा अर्थ मी लावणार नाही. मला जो हवा तोच अर्थ मी लावीन, आणि माझा तेवढा हक्क राहिलेला नाही.

आता कामाचं. सोमवारी, १७ फेब्रुवारीला, नवे सहा तक्ते भिंतीवरून काढणार आहेत. गिलाव्यातून तुकडे शाबूत निघणार नाहीत. अल्लालभाई पुन्हा चार हजार एकशे बारा कापणार आहेत. रमजानात निम्मा दिवस काम चालेल, ईदनंतर पूर्ण वेळ. मांडणार कोण, असं समितीने त्यांना विचारलं. समितीने मेकनासच्या एका मअल्लमचं नाव सुचवलं होतं. अल्लालभाई म्हणाले, “माणूस चांगला आहे. पण त्याने त्या पाणपोईवर घागर भरलेली नाही. आधी तुहामीला विचारा. तो नाही म्हणाला तर मग बघू.” साहेबांनी मान्य केलं. तुम्हाला विचारायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मला वाटतं तेही मुद्दामच.

तुम्ही आलात तर मी तिथे नसेन. कारखान्यात नाही, गल्लीत नाही. स्टेशनवर आई येईल. नवा नकाशा दुसऱ्याने काढला आहे, मी फक्त आकडे दिले. तो एकच कागद आहे, उताणा, तुमच्या पद्धतीप्रमाणे. वरच्या कडेला लाल शाईने ‘उताणा’ लिहिलं आहे. लिहिण्याआधी त्या माणसाने एक फळी काढून भिंत बघितली. मी त्याला तसं करायला सांगितलं होतं. तरी तुम्ही तीनदा विचारा. तो न चिडता तीनदा सांगेल.

जुना रहाट उजवीकडेच फिरतो, मामा. तुम्हाला बरोबर आठवत होतं.

माफी मागितली तर तुम्हाला ती द्यावी किंवा नाकारावी लागेल. ते ओझं आणखी तुमच्यावर टाकायचं नाही, म्हणून मागत नाही. फक्त एका गोष्टीचं उत्तर हवं आहे, कारण समितीला ते हवं आहे. तुम्ही मांडायला येणार की नाही, ते शनिवारपर्यंत, १५ फेब्रुवारीपर्यंत कळवा. नजातच्या हातून चालेल. ‘येतो’ किंवा ‘येत नाही’, एवढं पुरे.

वियाम